अभ्यासाच्या टिपणांना विषयाचा घाट हवा आणि तारीखही

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

परीक्षा जवळ येऊ लागल्या की विद्यार्थ्यांकडे टिपणांची रास जमू लागते. काही टिपणे वर्गातली असतात, काही आधीच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांकडून आलेली, काही विकत घेतलेली आणि अलीकडे पुष्कळशी मोबाइलवर एकमेकांना पाठवलेली. भाषा, इतिहास, गणित, रसायनशास्त्र, हिशेबशास्त्र, परिचर्या, वेल्डिंग, वायरमनचे काम, शिवणकाम अशा परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या विषयांची टिपणे एकत्र चाळली, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. सगळ्यांचा साचा एकच असतो. आधी व्याख्या, मग पाच-सहा वैशिष्ट्ये, त्यानंतर फायदे, तोटे आणि शेवटी दोन ओळींचा निष्कर्ष. मी बरीच वर्षे तंत्रशिक्षणाच्या वर्गात आणि कार्यशाळेत शिकवले असल्यामुळे या साच्याचे परिणाम जवळून पाहिले आहेत. त्याविषयी शिक्षकांशी, विद्यार्थ्यांशी आणि टिपणे तयार करून वाटणाऱ्यांशी आपल्या वृत्तपत्रातून बोलता यावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. टिपणाचा घाट ज्या त्या विषयाने ठरवला पाहिजे, आणि जे टिपण दुसऱ्याच्या हाती जाणार आहे त्यावर ते केव्हा व कशाच्या आधारे लिहिले याची नोंद असलीच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. व्यवसाय शिक्षणाच्या विषयांत या दोन्ही गोष्टींची गरज सर्वाधिक आहे आणि नेमके तिथेच त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

टिपण काढणे म्हणजे मुळात निवड करणे. शिकवणारा मिनिटाला शंभराहून अधिक शब्द सहज बोलतो आणि हाताने लिहिणाऱ्याला त्यातले जेमतेम पाव शब्द कागदावर उतरवता येतात. त्यामुळे काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे क्षणोक्षणी ठरवावे लागते, ते ठरवण्यासाठी ऐकलेले समजून घ्यावे लागते, आणि टिपणाचा पहिला मोठा लाभ वही पुन्हा उघडण्याआधी तिथेच पदरात पडलेला असतो. पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी अधिक शब्द लिहीत होते, ते शब्द बव्हंशी वक्त्याचेच होते आणि संकल्पनेवरच्या प्रश्नांत ते हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले. पुढे इतरांनी हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हा फरक तितका ठळक आढळला नाही, त्यामुळे वही चांगली की यंत्र चांगले, असा निवाडा त्यावरून करू नये. शब्दशः उतरवून घेताना डोके रिकामे राहू शकते, एवढे मात्र प्रत्येक शिक्षकाने वर्गात पाहिलेले असते. तयार टिपणांत तर ही निवड दुसऱ्यानेच करून टाकलेली असते आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ तिचा निकाल येतो.

टिपणाचा दुसरा उपयोग उजळणीचा, आणि त्याबाबतही गैरसमज फार आहेत. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती वेगाने विसरले जातात हे मोजले आणि १८८५ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत विस्मरण सर्वांत झपाट्याने होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो, असे त्याला दिसले. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, तर दुसऱ्या गटाला तो वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री टिपणे वाचणाऱ्याला सगळे येते असे का वाटते आणि महिन्याभराने त्यातले काहीच का उरत नाही, याचा उलगडा या एका प्रयोगातून होतो. डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात ओळी अधोरेखित करणे आणि नुसते पुनर्वाचन या विद्यार्थ्यांच्या सर्वांत लाडक्या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या, तर स्वतःची चाचणी घेणे आणि उजळणी अंतराअंतराने करणे या सर्वाधिक उपयोगाच्या ठरल्या. तेव्हा ज्या टिपणात स्वतःला प्रश्न विचारायला जागाच नाही, ते कितीही सुबक असले तरी निम्मे काम सोडून देते.

अशी जागा ठेवणारी एक पद्धत कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. पानाच्या उजवीकडच्या रुंद भागात वर्गातली टिपणे, डावीकडच्या अरुंद पट्ट्यात नंतर घातलेले प्रश्न किंवा खुणेचे शब्द आणि तळाशी आपल्या शब्दांत सारांश, अशी ती रचना आहे. उजवा भाग झाकायचा आणि डावीकडचा प्रश्न वाचून उत्तर आठवायचे. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, परिचर्येतला शरीरक्रियेचा भाग अशा विषयांना ही मांडणी फार चांगली मानवते. ती सर्वच विषयांना मानवेल असे समजून तिचाही साचा करणे मात्र योग्य नाही.

गणिताचेच पाहा. गणिताच्या तयार टिपणांत सूत्रांची यादी असते आणि सोडवलेली उदाहरणे असतात, पण एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर का गेलो हे क्वचितच लिहिलेले असते. क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष, हे समीकरण घेऊन दोन्ही बाजूंना क्षने भागले की क्ष बरोबर पाच मिळते आणि शून्य हे दुसरे उत्तर निसटते, कारण क्ष शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही. हे निसटणे ज्याच्या वहीत स्वतःच्या हाताने नोंदवलेले आहे, तो पुढे अवयव पाडायला विसरणार नाही. गणिताच्या टिपणात प्रत्येक पायरीसमोर कारण असावे, आणि जे उत्तर चुकले ते खोडून न टाकता चूक कुठे झाली याच्या खुणेसह जपून ठेवावे. वही नीटनेटकी दिसावी म्हणून चुकलेले पान फाडायला लावणारे शिक्षक आजही आहेत. त्या पानाबरोबर त्या आठवड्यात शिकलेली सर्वांत मोलाची गोष्ट फाडली जाते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

विज्ञानाच्या टिपणांत सर्वांत आधी गहाळ होते ती अट. गतीची तीन समीकरणे प्रत्येकाच्या वहीत असतात, पण त्वरण स्थिर असेल तरच ती लागू पडतात ही ओळ नसते. मग विद्यार्थी बदलत्या त्वरणाच्या उदाहरणातही तीच वापरतो आणि आपले काय चुकले हे त्याला कळत नाही. बॉइलचा नियम लिहिलेला असतो, पण तापमान आणि वायूचे वस्तुमान स्थिर ठेवण्याची अट गळालेली असते. उदासीन पाण्याचा पीएच सात असतो हे पाठ असते, पण हा आकडा २५ अंश सेल्सिअसला असतो आणि तापमान वाढले की तो खाली येतो, हे लिहिलेले नसते. टिपण आटोपशीर करताना काटछाट होते ती नेहमी अटींची, एककांची आणि अपवादांची, कारण परीक्षेत त्यांना वेगळे गुण नसतात. जीवशास्त्रात आकृती छापील मिळते म्हणून ती हाताने काढली जात नाही. पेशीविभाजनाच्या अवस्था स्वतः क्रमाने काढून पाहिल्या तर गुणसूत्रे मध्यावर केव्हा येतात आणि अलग केव्हा होतात हे हातालाच कळते. चिकटवलेल्या चित्रावरून ते तसे कळत नाही.

इतिहासात अडचण निराळी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे म्हणून राजकीय, सामाजिक, आर्थिक आणि वैचारिक असे चार कप्पे करून प्रत्येकात तीन-तीन मुद्दे भरले जातात आणि सगळी कारणे एकाच वजनाची व एकाच वेळची असल्यासारखी भासू लागतात. वास्तविक राज्याच्या तिजोरीवरचे कर्ज वाढत गेले, १७८८ साली पीक बुडाले, पावाचे भाव चढले, करांच्या प्रश्नासाठी ५ मे १७८९ रोजी तिन्ही वर्गांची सभा भरली, तिथे मतदान कसे करायचे यावर वाद पेटला आणि १४ जुलैला पॅरिसमधला बॅस्तिय हा तुरुंग-किल्ला पडला. यातल्या घटना एकमेकींत गुंतत, एकामागून एक घडत गेल्या आहेत. इतिहासाचे टिपण या ओघाचे असावे. त्यात बाण असावेत, तारखा असाव्यात, आणि दोन इतिहासकारांचे मत भिन्न असेल तिथे दोन्ही मते शेजारी शेजारी लिहावीत. कायद्याच्या विद्यार्थ्याला निकालाचे टिपण काढताना वस्तुस्थिती, न्यायालयापुढचा प्रश्न, निर्णय आणि त्यामागची कारणमीमांसा इतके स्वतंत्रपणे लिहावे लागते; नुसता निकाल त्याच्या कामाचा नाही. हिशेबशास्त्रात नोंदीखाली स्पष्टीकरण लिहिण्याची शिस्त मुळातच आहे, ती टिपणातही पाळली तर पुरे.

आता व्यवसाय शिक्षणाकडे वळतो, कारण मला प्रामुख्याने त्याविषयीच बोलायचे आहे. या अभ्यासक्रमांत टिपणे म्हणजे लेखी परीक्षेपुरती करायची गोष्ट, आणि खरे काम हाताने शिकायचे, अशी समजूत खोलवर रुजलेली आहे. परिणामी लेखी परीक्षेसाठी तयार प्रश्नोत्तरे पाठ होतात, प्रात्यक्षिकाची जर्नल आधीच्या तुकडीच्या जर्नलवरून उतरवली जाते आणि यंत्राशेजारी उभे राहून लिहिलेले असे एकही पान विद्यार्थ्याजवळ नसते. जर्नलमधल्या मोजमापांचे आकडेसुद्धा उतरवले जातात. ज्या मायक्रोमीटरने मोजले त्यात शून्य त्रुटी किती होती, हे न पाहता सगळ्या तुकडीचे वाचन मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळते, तेव्हा तिथे मोजमाप झालेलेच नाही हे पाहणाऱ्याला कळायला हवे.

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्याचे उदाहरण घेऊ. तयार टिपणात कटिंग स्पीडची व्याख्या असते आणि सूत्र असते: मिनिटाला मीटरमध्ये दिलेल्या कटिंग स्पीडला १००० ने गुणावे आणि π (पाय) गुणिले मिलिमीटरमधला व्यास याने भागावे, की मिनिटाचे फेरे मिळतात. कटिंग स्पीड मिनिटाला ३० मीटर आणि जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, व्यास ५० मिलिमीटर असेल तर उत्तर सुमारे १९१ फेरे येते. पुष्कळ टिपणांत इतकेच असते. कामाच्या दृष्टीने खरी गोष्ट याच्या पुढे आहे. जॉब घासून २५ मिलिमीटरवर आला की त्याच कटिंग स्पीडसाठी फेरे दुपटीने, म्हणजे सुमारे ३८२ करावे लागतात, हे सूत्रातच दडलेले असूनही विद्यार्थी व्यास बदलल्यावर फेरे बदलत नाही. त्याच्या टिपणात सूत्राशेजारी हे दुसरे उदाहरण हवे, टूल कोणत्या धातूचे आणि जॉब कोणत्या धातूचा हे हवे, कूलंट होते की नव्हते हे हवे, चिप कशी निघत होती, तिचा रंग कोणता होता, आवाज बदलला का, पृष्ठभाग कसा आला, हेही हवे. ही निरीक्षणे कोणत्याही छापील टिपणात मिळणार नाहीत, कारण ती त्या यंत्रावर, त्या दिवशी, त्या हाताने केलेली असतात. आणि पुढे कारखान्यात गेल्यावर त्याला उपयोग याच पानांचा होतो.

परिचर्येच्या विद्यार्थिनींना सलाईनच्या थेंबांचे गणित शिकवतात. १००० मिलिलिटर द्रव आठ तासांत द्यायचा आणि सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलिलिटरला २० थेंब पाडणारा असेल, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. मी पाहिलेल्या एका टिपणात ‘एक लिटर आठ तासांत, ४२ थेंब’ एवढेच लिहिलेले होते. सेट कोणता हे नव्हते. मिलिलिटरला ६० थेंब पाडणाऱ्या सेटवर हाच आकडा धरला तर आठ तासांचा द्रव जवळजवळ २४ तास चालेल, आणि १० थेंबांच्या सेटवर धरला तर तो चार तासांतच संपेल. रुग्णाच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात. इतिहासातले सनावळीचे टिपण चुकले तर गुण जातात. इथे टिपणातून एक शब्द गळाला तर त्याची किंमत अंथरुणावर पडलेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून अशा विषयांत पाठ करण्यासाठी तयार उत्तर देऊच नये. सूत्र द्यावे, सेटवर छापलेला आकडा आधी वाचण्याची सूचना द्यावी आणि दोन-तीन निरनिराळ्या सेटांची उदाहरणे विद्यार्थिनीकडून सोडवून घ्यावीत.

वेल्डिंगच्या टिपणांत इलेक्ट्रोडच्या क्रमांकांचा तक्ता असतो. ई ७०१८ या क्रमांकातले ७० म्हणजे प्रति चौरस इंच सत्तर हजार पौंड ताणबळ, त्यापुढचा एक म्हणजे सर्व स्थितींत वापरता येण्याजोगा आणि शेवटच्या दोन अंकांवरून आवरणाचा प्रकार कळतो, हे विद्यार्थी घडाघडा सांगतात. हा इलेक्ट्रोड कमी हायड्रोजनचा आहे, त्याच्या आवरणाने दमट हवेतला ओलावा शोषला तर जोडात हायड्रोजन शिरून तडा जाऊ शकतो आणि म्हणून तो ओव्हनमध्ये कोरडा ठेवायचा असतो, हे त्याच तक्त्याशेजारी लिहिलेले असेल तर क्रमांकाला अर्थ येतो. वायरमनच्या टिपणात ‘काम सुरू करण्यापूर्वी पुरवठा बंद करावा’ ही ओळ असतेच, पण पुरवठा खरोखर बंद झाला हे कसे तपासायचे याचा क्रम नसतो. टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावून पाहायचा, मग ज्यावर काम करायचे त्या सर्किटवर, आणि नंतर पुन्हा त्या पहिल्या ठिकाणी. कारण मधल्या वेळेत टेस्टरच बिघडला असेल तर न लागलेला दिवा खोटा धीर देतो. प्रत्येक कृतीचा क्रम, त्या क्रमामागचे कारण आणि चुकल्याची खूण या तीन गोष्टी नसतील, तर व्यवसायाच्या विषयातले टिपण अपुरेच समजावे. शिवणकामातही हेच आहे: मापे सगळे लिहितात, पण सैलपणासाठी किती वाढवले, शिलाईसाठी किती सोडले आणि कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेने ठेवला हे न लिहिल्यामुळे दुसऱ्यांदा तोच कपडा तसाच बेतता येत नाही.

तारखेचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. टिपणे फार काळ हातोहात फिरतात आणि त्यांतले ज्ञान मात्र थांबून राहिलेले असते. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारी टिपणे, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २००६ साली ग्रहाची व्याख्या ठरवल्यानंतरही वर्षानुवर्षे वापरात राहिली. किलोग्रॅमची व्याख्या २० मे २०१९ पासून धातूच्या ठोकळ्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर आधारण्यात आली, तरी जुनी व्याख्या अजून वह्यांत भेटते. यात विद्यार्थ्याचे नुकसान होते ते गुणांपुरते. हृदयक्रिया बंद पडलेल्या प्रौढ माणसाला द्यायच्या प्रथमोपचाराचे मात्र तसे नाही. आधी श्वासमार्ग मोकळा करणे, मग श्वास देणे आणि त्यानंतर छाती दाबणे हा क्रम २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत बदलून छाती दाबण्याला पहिले स्थान देण्यात आले, आणि पुढे दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० असा निश्चित झाला. जुने टिपण पाठ केलेला विद्यार्थी आणीबाणीत मोलाचे सेकंद वाया घालवेल. ब्रिटनमध्ये २००४ साली तारांचे रंग बदलले तेव्हा पूर्वी न्यूट्रलसाठी असलेला काळा रंग नव्या तीन फेजच्या जोडणीत फेजसाठी आला, आणि पूर्वी फेजचा असलेला निळा रंग न्यूट्रलसाठी आला. अशा ठिकाणी जुने टिपण वायरमनला थेट विजेच्या तारेवर हात ठेवायला सांगते. टिपणाच्या माथ्यावर तारीख, ज्या आधारे लिहिले त्या पुस्तकाचे वा नियमावलीचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष लिहायला अर्धे मिनिट लागते.

टिपणे एकमेकांना देऊ नयेत असे मी मुळीच सुचवत नाही. विद्येच्या प्रसाराला त्यांनी फार मोठी मदत केली आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरेडेने १८१२ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे आकृत्यांसह सविस्तर लिहून काढली, स्वतः बांधली आणि डेव्ही यांना पाठवली. १८१३ साली तो त्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक झाला. त्याने व्याख्यान जसेच्या तसे उतरवून थांबण्याऐवजी ते घरी पुन्हा मांडले होते, आणि शिकणे घडले ते त्या पुन्हा मांडण्यात. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या भाषाविज्ञानावरील व्याख्यानांचे तर पुस्तकच, त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून सिद्ध झाले. पुढच्या अभ्यासकांनी निरनिराळ्या विद्यार्थ्यांच्या वह्या त्या छापील पुस्तकाशी ताडून पाहिल्या तेव्हा बरेच फरक आढळले. इतक्या जाणत्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे होत असेल, तर आपल्या वर्गातली कोणतीही एक वही प्रमाण मानू नये आणि दोघा-तिघांनी आपापली टिपणे समोरासमोर ठेवून ताडून पाहावीत, हे उघड आहे. अशा ताडून पाहण्याच्या तासाला वेळापत्रकात जागा मिळाली तर मला फार आनंद होईल.

तयार टिपणांची ज्यांना खरी गरज असते असे विद्यार्थी आहेत आणि त्यांचा विचार न करता ‘स्वतःच लिहा’ असे सांगणे अन्यायाचे ठरेल. ज्याला ऐकू येत नाही तो दुभाष्याच्या हातांकडे पाहत असताना लिहू शकत नाही. ज्याला दिसत नाही त्याला आकृतीचे शब्दांत वर्णन लागते. जो आजारपणामुळे किंवा पोटापाण्याच्या कामामुळे वर्गाला मुकतो त्याला कुणाच्या तरी वहीचा आधार हवाच. त्यांच्यासाठी केलेली टिपणे तर अधिक काळजीने केलेली असावीत: आकृतीतल्या प्रत्येक भागाचे स्थान शब्दांत सांगणारी, अटी न गाळणारी आणि मध्ये मध्ये वाचणाऱ्याला थांबवून प्रश्न विचारणारी.

अलीकडे संगणकाकडून प्रकरणाचा गोषवारा काढून घेण्याची सोय झाली आहे. तो गोषवारा सफाईदार भाषेत येतो आणि त्या सफाईमुळेच त्यातली गळालेली अट किंवा चुकलेला आकडा चटकन दिसत नाही. शिवाय निवडीचे जे कष्ट विद्यार्थ्याने घ्यायचे ते तिथेही दुसऱ्याकडे जातात. त्याचा चांगला उपयोग एका पद्धतीने होऊ शकतो: आधी स्वतः टिपण लिहावे, मग गोषवारा मागवावा आणि दोन्हींत कुठे फरक पडला ते मूळ पुस्तकात जाऊन पाहावे. क्रम उलटा केला तर आपले टिपण त्या गोषवाऱ्याची नक्कल होते.

शिक्षकांना माझी विनंती आहे की टिपण काढणे हा त्यांच्या विषयाचाच एक भाग मानून तो वर्गात शिकवावा. वर्षाच्या आरंभी एखादे पान फळ्यावर सर्वांदेखत लिहून दाखवावे, काय सोडले आणि का सोडले हे बोलून दाखवावे, आणि तासाच्या शेवटी पाच मिनिटे वह्या मिटून आठवेल तेवढे लिहायला द्यावे. वही तपासताना अक्षर आणि समास यांबरोबर प्रश्न, कारणे आणि जपून ठेवलेल्या चुका आहेत का हे पाहावे. कार्यशाळेतल्या निदेशकांनी जर्नलची उतरवलेली पाने स्वीकारण्याऐवजी यंत्राशेजारी पेन्सिलीने लिहिलेली, तेलाचे डाग पडलेली कच्ची पाने मागावीत आणि गुण त्यांनाच द्यावेत.

आपल्याकडेही एक मागणे आहे, संपादक महोदय. वृत्तपत्रांत विद्यार्थ्यांसाठी जी टिपणे छापली जातात ती बहुतेक शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या विषयांची असतात. फिटर, वायरमन, वेल्डर, परिचारिका किंवा शिवणकाम शिकणारे विद्यार्थी आपल्या वाचकांत असूनही त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. त्यांच्यासाठी नियमित जागा द्यावी, तिथले प्रत्येक टिपण त्या व्यवसायात प्रत्यक्ष काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे, त्यावर आधार आणि आवृत्तीचे वर्ष छापावे आणि शेवटी उत्तरे न देता तीन-चार प्रश्न द्यावेत. उत्तरे पुढच्या अंकात यावीत, म्हणजे मधल्या काळात विद्यार्थी ती स्वतः शोधतील. नियम वा प्रमाणे बदलली की जुन्या टिपणाची दुरुस्तीही त्याच जागी छापावी. आरंभ सलाईनच्या थेंबांच्या गणितापासून आणि पुरवठा बंद असल्याची खात्री करण्याच्या क्रमापासून करावा असे मी सुचवतो, कारण या दोन विषयांची अपुरी टिपणे मी स्वतः पाहिली आहेत. यंत्रकामाच्या विषयांतील टिपणे तपासून देण्याचे काम मी आनंदाने आणि विनामोबदला करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त निदेशक